ओसरत्या पाण्याची शेती

इजिप्तच्या दक्षिण टोकाला असलेल्या आस्वानमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. जूनमध्ये तिथले ऊन इतके कडक असते की दगडावर हात ठेववत नाही. प्राचीन काळी नेमक्या याच दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, नाईल नदीचे पाणी चढू लागायचे. ग्रीक लोकांना याचा उलगडा होत नसे. त्यांच्या मुलखातल्या नद्या हिवाळी पावसाने फुगत आणि उन्हाळ्यात आटत. मग ही एकच नदी उलटी का वागते? थेलीजचे म्हणणे असे, की उत्तरेकडून वाहणारे उन्हाळी वारे नदीला समुद्रात शिरू देत नाहीत, म्हणून पाणी तुंबते. ॲनॅक्सॅगोरसने दूर दक्षिणेतल्या वितळणाऱ्या बर्फाकडे बोट दाखवले. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्त हिंडून आलेल्या हिरोडोटसने ही दोन्ही मते खोडून काढली आणि सूर्याच्या सरकण्यावर आधारलेले स्वतःचे मत मांडले. तेही चूकच होते.

खरे उत्तर इथिओपियाच्या पठारावर होते. तिथे जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हाच, धो धो पाऊस पडतो. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या ताना सरोवरातून निळी नाईल निघते आणि खोल दऱ्या कापत खार्टूमला येते. तिथे तिला पांढरी नाईल भेटते. व्हिक्टोरिया सरोवराकडून येणारी ही दुसरी नदी वर्षभर संथ वाहते, कारण सुदानच्या दलदलीत तिचे बरेचसे पाणी पसरून वाफ होऊन जाते. तिच्यामुळे नाईल उन्हाळ्यात कोरडी पडत नाही, पण पूर आणतात त्या निळी नाईल आणि पुढे मिळणारी अटबारा. गाळही या दोघीच आणतात. इथिओपियाचे पठार आपल्या दख्खनसारखेच लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेले आहे. त्या काळ्या खडकाची झिजलेली माती दरवर्षी वाळवंटातून दोन-अडीच हजार किलोमीटर वाहत जाई आणि इजिप्तच्या शेतांवर पसरे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने ती हातात घेतली असती तर त्याला ती परकी वाटली नसती.

पुराचे दिवस सगळ्यांना पाठ होते. मे अखेर नदी सर्वांत खाली गेलेली असे. जूनमध्ये आधी हिरवट पाणी येई, कारण वरच्या दलदलीतले शेवाळ पहिल्या लोंढ्याबरोबर वाहून येत असे. मग पाणी तांबूस, गढूळ होई आणि दिवसागणिक चढे. आस्वानला सप्टेंबरच्या सुरुवातीला पूर शिगेला पोचे. उत्तरेकडे, आजच्या कैरोच्या आसपास, हीच पातळी गाठायला आणखी काही दिवस लागत. उन्हाळ्यातली पातळी आणि पुराची पातळी यांत आस्वानजवळ सात-आठ मीटरचा फरक असे. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरणीला लागे.

याच चक्रावर इजिप्शियनांनी वर्ष बेतले. वर्षात तीन ऋतू, प्रत्येक चार महिन्यांचा: पुराचा ‘आखेत’, जमीन वर येण्याचा आणि पिके वाढण्याचा ‘पेरेत’, आणि सुगीचा ‘शेमू’. महिने तीस दिवसांचे. वर पाच दिवस जोडून ३६५. वर्षाच्या आरंभाची खूण आकाशात होती. व्याध हा तारा सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या तेजात लपलेला असे आणि जुलैच्या मध्यावर पहाटे पूर्वेला पुन्हा दिसे. तो दिसला की पूर आलाच. मात्र ३६५ दिवसांच्या वर्षात वरचा पाव दिवस सुटत होता, म्हणून दर चार वर्षांनी दिनदर्शिका एका दिवसाने सरकत गेली. काही शतकांत कागदोपत्री पुराचा ऋतू भर हिवाळ्यात जाऊन पडला. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा हुकूम निघाला, पण तो रुजला नाही. शेतकऱ्याचे यात फारसे अडले नाही. तो तारीख पाहून पेरत नव्हता, नदी पाहून पेरत होता.

आता या पाण्याचे शेतात काय होई ते पाहू. सगळ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे.

आस्वानपासून समुद्रापर्यंत नाईल सुमारे १,२०० किलोमीटर वाहते. कैरोपर्यंत तिचे खोरे अरुंद आहे. कुठे दोन-तीन किलोमीटर रुंद, कुठे वीसेक, आणि दोन्ही बाजूंना एकदम वाळवंट. या खोऱ्याचा आकार आपण कल्पना करतो तसा नाही. आपल्याला वाटते, नदी तळाशी आणि जमीन तिच्याकडे उतरत आलेली. नाईलच्या पूरमैदानात उलटे आहे. पूर काठावरून बाहेर पडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि जड, भरड गाळ तिथेच काठाशी बसतो. हजारो वर्षांत त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांना उंचवटे तयार झाले. जमीन तिथून वाळवंटाकडे हळूहळू खाली उतरत जाते. म्हणजे पाणी एकदा काठाच्या पलीकडे गेले की आपल्या भाराने लांबवर पसरते आणि सखल भागात साठते. गावे वसली ती या उंचवट्यांवर. पुराच्या दिवसांत ती बेटांसारखी दिसत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी बांधावरून किंवा होडीतून जावे लागे.

निसर्गाने केलेल्या या सखल खोलग्यांना माणसांनी आडवे बांध घातले. नदीकाठापासून वाळवंटाच्या कडेपर्यंत एक बांध, थोड्या अंतरावर दुसरा, असे सगळे खोरे मोठमोठ्या कप्प्यांत विभागले गेले. काठाच्या उंचवट्यातून पाट फोडून पुराचे पाणी कप्प्यात घ्यायचे, एक ते दीड मीटर खोलीचे पाणी चाळीस ते साठ दिवस कोंडून ठेवायचे, गाळ खाली बसू द्यायचा, जमीन खोलवर भिजू द्यायची. मग खालचा बांध फोडून पाणी पुढच्या कप्प्यात सोडायचे, नाहीतर उतरलेल्या नदीत परत. इथे मोट नव्हती आणि पिकाला पाण्याच्या पाळ्याही नव्हत्या. वर्षातून एकदा भिजवलेल्या जमिनीत त्या ओलीवर संपूर्ण पीक निघे.

आपल्याकडे उजनी किंवा जायकवाडी धरणाचे पाणी हिवाळ्यानंतर मागे सरकते, उघड्या पडलेल्या गाळात आसपासचे शेतकरी पिके घेतात आणि त्या जमिनीला ‘गाळपेर’ म्हणतात. प्राचीन इजिप्त हा देशच्या देश गाळपेर होता. फरक असा की तिथे पाणी मागे कधी सरकायचे हे बऱ्याच अंशी शेतकरी ठरवत.

‘इजिप्त ही नाईलची देणगी’ हे आपण शाळेत शिकतो. या कल्पनेत मला एक अन्याय दिसतो. नदी पाणी आणत होती हे खरे, पण ते किती दिवस थांबवायचे आणि कोणत्या दिवशी सोडायचे हे माणसांचे काम होते. पाणी लवकर सोडले तर ओल खोल जात नाही. उशिरा सोडले तर पेरणी लांबते आणि दाणा भरायच्या वेळी उन्हाळ्याचे गरम वारे सुटतात. शिवाय वरच्या गावाने पाणी अडवून धरले तर खालच्या गावाचे वर्ष बुडते. मेल्यानंतर देवांपुढे उभे राहून केलेल्या नि न केलेल्या पापांची झाडाझडती द्यायची, अशी इजिप्शियनांची श्रद्धा होती. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या १२५व्या प्रकरणात माणूस जी पापे आपण केली नाहीत असे सांगतो, त्यांत मोसमाचे पाणी अडवणे आणि वाहत्या पाण्याला बांध घालणे हीदेखील आहेत. पाणी पुढे जाऊ देणे हा तिथे धर्म होता.

बांध दरवर्षी दुरुस्त करावे लागत आणि पाट उपसावे लागत. ही वेठ सगळ्यांच्या मानेवर होती. रोमन काळात प्रत्येक खेडुताने वर्षातले पाच दिवस बांधांच्या कामावर राबायचे असा नियम होता, आणि काम पुरे केल्याच्या पपायरसवरच्या पावत्या आज मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्याहून बोलका पुरावा कबरींतला आहे. मेलेल्या माणसाबरोबर ‘उशाब्ती’ नावाच्या छोट्या बाहुल्या पुरत. परलोकात शेत कसायला, काठांना पाणी द्यायला किंवा वाळू वाहायला मालकाला हाक आली तर त्याच्याऐवजी बाहुलीने ‘ओ’ द्यायची, असा मंत्र त्यांच्यावर कोरलेला असे. मृत्यूनंतरही बांधावरची वेठ चुकणार नाही अशी त्यांची खात्री होती.

हा सगळा पसारा कोण चालवत होते? १९५७ साली कार्ल विटफोगेलने असा सिद्धान्त मांडला की मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या व्यवस्थेला कडक केंद्रीय सत्ता लागते, आणि पूर्वेकडची निरंकुश राज्ये त्यातूनच जन्मली. इजिप्त हे त्याचे एक मोठे उदाहरण. १९७६ साली कार्ल बुत्झरने नाईलच्या खोऱ्याचा भूगोल बारकाईने तपासून दाखवले की तिथले कप्पे मुळात नैसर्गिक होते, त्यांची व्यवस्था गावपातळीवर किंवा फार तर जिल्ह्याच्या पातळीवर चाले, आणि एका कप्प्यातली चूक शेजारच्या दोन-चार कप्प्यांपलीकडे जात नसे. मला बुत्झर पटतो. राजाला पाण्याचे श्रेय हवे होते, हे मात्र अगदी सुरुवातीपासून दिसते. हिराकोनपोलिस इथे १८९७-९८ च्या उत्खननात सापडलेल्या, आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात असलेल्या गदेच्या दगडी माथ्यावर ‘विंचू’ नावाने ओळखला जाणारा राजा हातात कुदळ घेऊन पाण्याच्या कडेला उभा आहे. तो माथा सुमारे ५,१०० वर्षांपूर्वीचा आहे.

गाळाचे कौतुक फार होते. पण दरवर्षी साचणाऱ्या गाळाचा थर सरासरी जेमतेम एक मिलिमीटर असे. शंभर वर्षांत दहा सेंटिमीटर. तो मोलाचा होताच. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मीठ धुऊन जाणे. उष्ण, कोरड्या देशात जमिनीला पाणी दिले की ते केशाकर्षणाने वर चढते, वाफ होते आणि विरघळलेले क्षार वरच्या थरात सोडून जाते. वर्षानुवर्षे असे झाले की जमीन पांढरी पडते. आपल्याकडे उसाच्या बारमाही पाण्याखाली चोपण झालेल्या जमिनी याच मार्गाने गेल्या. मेसोपोटेमियात हे संकट पूर्वीच ओढवले. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांना पूर येतो वसंतात, एप्रिल-मेच्या सुमारास, डोंगरातले बर्फ वितळल्यावर. तेव्हा शेतात पीक कापणीला आलेले असते. त्यामुळे पूर हे तिथे पिकाचे संकट होते. पेरणीच्या वेळी, शरदात, नद्या खाली गेलेल्या असत आणि कालव्यांतून पाणी आणून जमिनीला द्यावे लागे. ते पाणी साचून राही, आणि त्याच्यासोबत क्षारही.

नाईलचा पूर येई उन्हाळ्याच्या शेवटी. पीक निघालेले असे, उन्हाने जमीन फुटून खोल भेगा पडलेल्या असत, आणि त्या भेगांतून पाणी झपाट्याने आत उतरे. दोन महिने वर उभे राहिलेले पाणी क्षार खाली ढकले. मग बांध फुटला की पाणी निघून जाई आणि तोवर नदीची पातळी इतकी खाली गेलेली असे की जमिनीखालचे पाणीही तिच्याकडे झिरपे. भिजवणे, खत देणे, मीठ धुणे आणि निचरा ही चारही कामे एका पुरात उरकत. हे जमले ते पाणी आल्यामुळे जितके, तितकेच ते वेळेवर गेल्यामुळे. म्हणूनच ही शेती त्याच त्या जमिनीवर पाच हजार वर्षे चालली.

पाणी ओसरले की घाई सुटे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या आठवड्यांत जमिनीला वाफसा यायचा आणि तो जायच्या आत पेरायचे. चिखल मऊ असे, तेव्हा खोल नांगरट लागत नसे. बैलांचा किंवा गाईंचा हलका लाकडी नांगर ढेकळे फोडायला आणि बी झाकायला पुरे. बी मुठीने फोकून पेरत आणि मागून मेंढ्या-शेळ्यांचा कळप फिरवून खुरांनी ते मातीत दाबत. हिरोडोटसने यासाठी डुकरे वापरल्याचे लिहिले आहे. पीक मुख्यतः दोन धान्यांचे: जव आणि एमर गहू. हा एमर म्हणजे आपल्या सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू, तीच वनस्पती. त्याचे टरफल मळणीत सुटत नाही, वेगळे कांडावे लागते. इजिप्तच्या बायकांनाही तो ओलावून उखळात कांडावा लागत असे. गव्हाची भाकरी आणि जवाची बिअर, यांवर मजूर, शिपाई आणि कारकून या सगळ्यांचे पोट चाले आणि पगारही त्यातच मोजला जाई. याशिवाय मसूर, कांदे, लसूण आणि लिननच्या धाग्यासाठी जवस. तो कापत नसत, मुळासकट उपटत. तलम धागा हवा असेल तर हिरवा असतानाच.

मार्च-एप्रिलमध्ये सुगी. लाकडी विळ्याला गारगोटीचे दात बसवलेले. कणसे खळ्यावर पसरून बैलांच्या पायांखाली मळायची, वाऱ्यावर उफणायची. थीब्जच्या कबरींतल्या भित्तिचित्रांत हे सगळे रंगांत आहे. शेतांचा कारकून असलेल्या मेन्नाच्या, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या कबरीत तर उभ्या पिकातून दोर धरून चाललेले मोजणीदार आहेत, लेखण्या सरसावून बसलेले कारकून आहेत, आणि सारा थकवलेल्या कुळाला बडवणारा माणूसही आहे.

पुराच्या तीन-चार महिन्यांत शेतात काम नसे. हे मनुष्यबळ राजाच्या बांधकामांकडे वळे, आणि पुराने भरलेले कालवे दगड वाहायला उपयोगी पडत. २०१३ साली पिएर ताले यांच्या पथकाला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ इथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. राजा खुफूच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. मेरेरची माणसे तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होड्यांत भरून गिझाला, मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याशी नेत होती, तीही पुराच्या दिवसांत.

एका शेतकऱ्याच्या डोक्यात पूर कसा घोळत असे हे समजून घ्यायचे तर हेकानख्तची पत्रे वाचावीत. हा माणूस इ.स.पू. विसाव्या शतकातला. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या समाधीचा पुजारी आणि बऱ्यापैकी जमीनदार. घरापासून दूर असताना त्याने घरी पाठवलेल्या चिठ्ठ्या हर्बर्ट विनलॉक यांना १९२१-२२ च्या हंगामात देर अल्-बहारीच्या एका कबरीत सापडल्या. पुढे अगाथा ख्रिस्तीने त्यांवरून कादंबरी रचली, पण मूळ पत्रे कादंबरीहून सरस आहेत. कारभार पाहणाऱ्या मेरिसूला तो बजावतो की आपल्या जमिनीवर किती पाणी आले याकडे नीट लक्ष ठेव, नाक मातीला लागेपर्यंत राब. शेजारच्या गावात खंडाने जमीन घ्यायची आहे, तिचा मोबदला कापडात द्यायचा की धान्यात याचा हिशेब तो मांडतो. जमीन पाण्याखाली गेलेली आहे याची खात्री करून मगच घ्या, हे त्याच्या सांगण्याचे सार. एका शेताबद्दल सूचना आहे की तिथे जवच पेरा, एमर नको. पण पूर मोठा आला तर मात्र एमर पेरा. जव कमी ओलीवर तग धरतो, गव्हाला जास्त ओल लागते. एवढ्याशा या सूचनेत एका संस्कृतीचे शेतीशास्त्र आले आहे.

दुसऱ्या पत्राच्या वेळी पूर कमी पडलेला दिसतो. हेकानख्त घरातल्या प्रत्येकाचा शिधा कमी करतो आणि कोणाला किती, याची यादीच पाठवतो. कुरकुर करणाऱ्यांना सुनावतो की सगळा मुलूख उपाशी मरत असताना तुम्ही अजून पोटभर जेवता आहात. इकडे माणसे माणसांना खायला लागली आहेत. हे अतिशयोक्त आहे, घरच्यांना धाक बसावा म्हणून लिहिलेले. पण अगदीच निराधार नाही. काम करील त्यालाच शिधा द्या, असे तो लिहितो. मात्र धाकट्या स्नेफ्रूचे लाड पुरवा, असेही लिहितो. चार हजार वर्षांनंतरही हे घर मला ओळखीचे वाटते.

पूर किती आला, हा राज्याचाही प्रश्न होता. पाचव्या राजवंशाच्या काळात कोरलेल्या ‘पालेर्मो शिळे’वर पहिल्या राजवंशापासूनच्या राजांची वर्षवार नोंद आहे आणि प्रत्येक वर्षाच्या चौकटीत तळाशी त्या वर्षीच्या पुराची उंची आहे, हात, मूठ आणि बोटे यांत. शाही हात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा, त्याच्या सात मुठी, अठ्ठावीस बोटे. एवढ्या बारीक मापाने पाणी मोजायचे कारण उघड आहे. पाण्याच्या उंचीवरून किती जमीन भिजली ते कळे, त्यावरून पीक, आणि पिकावरून सारा. आस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर, एडफूला, कोम ओम्बोला दगडी पायऱ्यांच्या किंवा विहिरीसारख्या मोजपट्ट्या होत्या. रोमन लेखक प्लिनीने पुराची उतरंड दिली आहे: बारा हातांना दुष्काळ, तेराला भूक, चौदाला आनंद, पंधराला निर्धास्तपणा, सोळाला चैन. व्हॅटिकनमध्ये नाईलचा जो रोमन पुतळा आहे, त्याच्या अंगाखांद्यावर सोळा बाळे खेळताना दाखवली आहेत, ती या सोळा हातांसाठीच.

ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने मात्र एक गोष्ट नोंदवली आहे, तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. तो इ.स.पू. २५ च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. तो सांगतो की पूर्वी चौदा हात पाणी आले की उत्तम पीक आणि आठ हातांवर राहिले की दुष्काळ. पण रोमन सुभेदार पेट्रोनियसच्या अमलात बारा हातांना भरघोस पीक आले, आणि एकदा तर आठ हात पाणी असूनही कोणी उपाशी राहिले नाही. मधल्या काळात कालवे उपसले गेले होते. नदी तीच राहिली. फरक पाटांच्या निगेत होता.

पाणी ओसरल्यावर हद्दीच्या खुणा वाहून गेलेल्या असत, कुठे काठ खचलेला असे. मग दोरवाले येऊन जमीन पुन्हा मोजत. शंभर हात लांब, शंभर हात रुंद अशा जमिनीचे माप ‘सेचात’, आपल्या हिशेबाने सुमारे २७ गुंठे. हिरोडोटसच्या मते ग्रीकांची भूमिती याच मोजणीतून आली.

वाईट वर्षे दोन प्रकारची असत. पूर अति झाला तर बांध फुटत, कच्च्या विटांची गावे विरघळत, गुरे वाहून जात आणि पाणी उशिरा उतरे. कमी झाला तर उंचावरच्या जमिनी कोरड्याच राहत. एखादे वर्ष कोठारातल्या धान्यावर निघे. संकट येई ते ओळीने पूर हुकले की. इ.स.पू. २१०० च्या आसपास, जुने राज्य मोडून पडल्यावर, दक्षिणेतल्या एका प्रांताचा अधिपती अंख्तिफी आपल्या कबरीत अभिमानाने कोरून ठेवतो की सगळा दक्षिण इजिप्त भुकेने मरत असताना माझ्या प्रांतात कोणी उपाशी मेला नाही. त्याची बढाई बाजूला ठेवली तरी भोवतालची उपासमार उरतेच.

नाईलच्या वाईट वर्षांचे असे घोळके का होतात, याचा माग विसाव्या शतकात हॅरॉल्ड हर्स्ट या इंग्रज जलशास्त्रज्ञाने घेतला. कैरोच्या रोडा बेटावरच्या मोजपट्टीच्या नोंदी इ.स. ६२२ पासूनच्या मिळतात. सध्या तिथे आहे ती बांधणी ८६१ सालची. इतकी लांबलचक मालिका जगात क्वचितच सापडते. १९५१ साली हर्स्टने दाखवले की पुराची वर्षे फाशासारखी स्वतंत्र पडत नाहीत: कमी पाण्याच्या वर्षापाठी कमीचेच यायची शक्यता जास्त, आणि भरपूर पाण्याच्या वर्षांचेही तसेच. त्याच्या नावाचा घातांक आज शेअरबाजारापासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत वापरतात.

इथे आपलाही संबंध येतो. प्रशांत महासागरात एल निनो प्रबळ झाला की इथिओपियातला पाऊस आणि आपला मोसमी पाऊस दोन्ही अनेकदा एकदम रोडावतात. १८७७ साली नाईलचा पूर अत्यंत कमी पडला आणि दक्षिण इजिप्तमध्ये लोक भुकेने मेले. तेव्हा मुंबई इलाख्यात आणि दक्षिण भारतात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. १८९९ मध्येही दोन्हीकडे पाणी एकदम हुकले. आस्वानचा शेतकरी आणि सोलापूरचा शेतकरी एकमेकांना नावानेही ठाऊक नव्हते, पण त्यांची पिके एकाच समुद्राच्या तापण्यावर टांगलेली होती.

पुराबाहेरच्या हंगामात पाणी देण्याची साधने हळूहळू आली. एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला चिखलाचा गोळा असलेला, खांबावर तोललेला ‘शादूफ’ नव्या राज्याच्या काळात, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी दिसू लागतो. बैलांनी फिरवायचा गाडग्यांचा राहाट त्यानंतर हजारेक वर्षांनी, ग्रीक राजांच्या काळात. काठावरचे मळे, भाजीपाला आणि द्राक्षे यांवर पोसली गेली. धान्य मात्र पुराचेच राहिले, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत.

तेव्हा इजिप्तचा शासक मुहम्मद अली याने देशाला कापसाकडे वळवले. कापसाला पाणी हवे उन्हाळ्यात, नदी सर्वांत खाली असताना. कालवे खोल करा, नदीला बंधारे घाला, अशी मागणी सुरू झाली. १९०२ साली आस्वानला पहिले धरण पुरे झाले. त्याचा आराखडा विल्यम विल्कॉक्सचा. हा इंग्रज अभियंता भारतात जन्मलेला आणि रुडकीला शिकलेला. त्याने धरणाला १८० दारे ठेवली. पुराच्या गढूळ लोंढ्याला ती उघडी राहायची, गाळ शेतांकडे जाऊ द्यायचा आणि पूर सरल्यावरचे निवळ पाणी अडवायचे. जुन्या कप्प्यांची पद्धत त्याने जवळून अभ्यासली होती आणि तिच्याबद्दल त्याला मनापासून आदर होता. उतारवयात बंगालमध्ये येऊन त्याने तिथल्या जुन्या पूरसिंचनावर व्याख्याने दिली. कोलकाता विद्यापीठाने ती १९३० साली छापली. नद्यांना बांधांनी जखडून बंगाली शेतीचे नुकसान केले, हे त्यांतले मुख्य म्हणणे.

१९६० ते १९७० या काळात बांधलेल्या आस्वानच्या उंच धरणाला अशी दारे नाहीत. सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या जलाशयात पूर मावतो आणि गाळ तळाशी बसतो. १९६४ चा पूर इजिप्तमधून वाहिलेला शेवटचा नैसर्गिक पूर. धरणाने देशाला वीज दिली, वर्षात दोन-तीन पिके दिली, आणि १९८० च्या दशकात इथिओपियात पावसाने दगा दिला तेव्हा इजिप्त साठलेल्या पाण्यावर तरला. हा उपकार लहान नाही. त्याच्या बदल्यात रासायनिक खतांचे कारखाने उभारावे लागले आणि रोझेटाजवळ समुद्र किनारा खाऊ लागला. आणखी एक काम मागे लागले, जे पूर्वी नदी फुकट करत असे. बारा महिने मिळणारे पाणी शेतातून निघून जाईना, जमिनीखालची पातळी वर चढली आणि मीठही वर आले. म्हणून १९७० नंतर इजिप्तने जागतिक बँकेकडून कर्ज घेऊन नाईलच्या त्रिभुज प्रदेशात आणि खोऱ्यात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरायला घेतल्या. आज लाखो एकर शेतांखाली त्यांचे जाळे आहे. त्या नळ्यांतून खारे पाणी चरांत येते, तिथून पंपांनी उपसून पुढे सोडतात.